काचबिंदूच्या डोळ्यात वाट करून देणारे डॉक्टर : आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे



मागे एकदा चौथीच्या वर्गात मी संत गुलाबराव महाराजांची माहिती सांगत होते. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे हे महाराज. जन्म १८८१ चा. तान्हे असतानाच त्यांची दृष्टी गेली. तरीही अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. मुलं अगदी शांत बसून ऐकत होती. तेवढ्यात एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, मॅडम, तेव्हा डोळ्याचे डॉक्टर नव्हते का?

तुम्हीही वर्गात असे प्रश्न अनुभवले असतील. उत्तर आपल्याला अर्धंच येतं आणि घरी गेल्यावरही प्रश्न डोक्यातून जात नाही. मी वाचायला बसले. वाचता वाचता एका जर्मन डॉक्टरांचं नाव समोर आलं, आणि त्या नावाशी माझ्या आजीचाही संबंध आहे हे लक्षात आलं. म्हणून आजचा हा पाठ. मोठ्या वर्गांना चरित्र म्हणून सांगता येईल, पण खरं तर तो आपल्यासाठी, म्हणजे घरात म्हातारी माणसं असलेल्या सगळ्यांसाठी आहे.

आधी माझ्या आजीची गोष्ट

माझं माहेर दर्यापूर तालुक्यातलं. मी डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते. कापूस वेचणीचे दिवस होते. आजी दिवसभर वावरात होती. संध्याकाळी घरी आली, तर दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं म्हणाली. आम्ही हसण्यावारी नेलं. रात्री तिचं डोकं असं दुखायला लागलं की ती भिंतीला टेकून बसली. डोकं फुटून राह्यलं, एवढंच म्हणे. मग उलट्या सुरू झाल्या. उजवा डोळा लालभडक.

घरच्यांना वाटलं पित्त झालं. कोणी अर्धशिशी म्हटलं. पित्ताची गोळी झाली, कपाळाला बाम झाला, लिंबू-सरबत झालं. ज्यांना दाखवलं त्यांनीही पोटाचंच औषध दिलं. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कळलं की हा काचबिंदूचा झटका होता. उजव्या डोळ्याची नजर गेली ती गेलीच. पण डॉक्टरांनी डाव्या डोळ्याच्या बुबुळाला लेझरनं एक बारीक छिद्र पाडलं. सुईच्या टोकाएवढंही नसेल. त्या एका डोळ्यावर आजी पुढे कितीतरी वर्षं वाती वळत होती, तांदूळ निवडत होती.

ते छिद्र पाडायचं मुळात सुचलं कोणाला? त्याचं उत्तर १८५६ सालच्या बर्लिनमध्ये सापडतं.

काचबिंदू म्हणजे नेमकं काय?

चरित्राकडे जाण्याआधी डोळ्याची रचना थोडी उजळून घेऊ. डोळ्याच्या पुढे काचेसारखं पारदर्शक पारपटल असतं. त्यामागे रंगीत पडदा, म्हणजे बुबुळ. बुबुळाच्या मधलं छिद्र म्हणजे बाहुली. बाहुलीच्या मागे भिंग.

डोळ्याच्या आत एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो. (हा द्रव म्हणजे आपले अश्रू नव्हेत.) तो बुबुळाच्या मागे तयार होतो, बाहुलीतून पुढे येतो आणि पारपटल व बुबुळ जिथे मिळतात त्या कोनातल्या जाळीतून बाहेर झिरपतो. जेवढा द्रव तयार होतो तेवढा बाहेर जातो, म्हणून डोळ्यातला दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा एवढा राहतो.

आता न्हाणीघर डोळ्यासमोर आणा. नळ सुरू आहे आणि मोरी तुंबली. काय होईल? तेच डोळ्यात होतं. काही माणसांच्या डोळ्यात हा कोन जन्मतःच अरुंद असतो. वयानुसार भिंग जाड होत जातं. बाहुलीपाशी द्रव अडतो, मागून दाब पडून बुबुळ पुढे फुगतं आणि कोन बंद करून टाकतं. नळ सुरूच, मोरी बंद. काही तासांत दाब ४०-५० च्याही वर जातो. डोळा गोटीसारखा टणक होतो आणि मागची दृष्टीची नस दबून मरायला लागते. याला बंद कोनाचा काचबिंदू म्हणतात. अंधारात बाहुली मोठी होते, म्हणून असा झटका पुष्कळदा संध्याकाळी किंवा रात्री येतो.

मोतीबिंदू वेगळा, काचबिंदू वेगळा, हेही मुलांना सांगा. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदललं की नजर परत येते. काचबिंदूत नस मरते. ती परत जिवंत होत नाही.

बाप-लेक आणि पुण्याचा एक धागा

आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांचा जन्म २२ मे १८२८ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील कार्ल फर्डिनांड हे फार नावाजलेले शल्यचिकित्सक होते. कापलेलं नाक पुन्हा तयार करण्याच्या शस्त्रक्रियेवर त्यांनी १८१८ मध्ये पुस्तक लिहिलं.

इथे आपल्या महाराष्ट्राचा धागा येतो. इंग्रज आणि टिपू सुलतान यांच्या लढाईत कावसजी नावाच्या एका गाडीवानाचं नाक कापलं गेलं होतं. पुण्याकडच्या एका कुंभार कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक तयार केलं. इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं आणि १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात त्याची हकिगत छापून आली. ती वाचून युरोपातले डॉक्टर या पद्धतीकडे वळले, आणि त्यांत हे थोरले ग्रेफेही होते. म्हणजे ज्या घरात आल्ब्रेख्त वाढले त्या घरात आपल्याकडच्या एका कारागिराची विद्या आधीच पोचलेली होती. हे मला कळलं तेव्हा मी दोनदा वाचलं!

आल्ब्रेख्त १२ वर्षांचे असताना वडील गेले. हॅनोव्हरच्या राजपुत्राच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया करण्यासाठी त्यांना बोलावणं आलं होतं. त्याच प्रवासात तापानं त्यांचा अंत झाला.

मुलगा अभ्यासात हुशार, गणिताची गोडी. वयाच्या १९ व्या वर्षी, १८४७ मध्ये, त्यांनी वैद्यकशास्त्राची पदवी मिळवली. मग ते शिकण्यासाठी फिरले. प्रागला त्यांना आर्ल्ट नावाचे गुरू भेटले आणि डोळ्यांच्या अभ्यासाची ओढ लागली. पुढे पॅरिस, व्हिएन्ना, लंडन. लंडनमध्ये हॉलंडच्या डॉ. डोंडर्स यांच्याशी मैत्री झाली, ती जन्मभर टिकली.

१८५१ मध्ये बर्लिनला परतून त्यांनी डोळ्यांचा दवाखाना सुरू केला. वय वर्षं २३. गरिबांवर तिथे मोफत उपचार होत. काही वर्षांतच युरोपभरातून रुग्ण आणि शिकाऊ डॉक्टर तिथे येऊ लागले. १८५४ मध्ये त्यांनी फक्त नेत्रविज्ञानाला वाहिलेलं नियतकालिक काढलं. ते त्यांच्या नावानं आजही निघतं.

चूक झाली, ती मान्य केली

त्या काळी डोळ्याच्या आत डोकावणं शक्यच नव्हतं. बाहुली काळीच दिसायची. हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञानं १८५१ मध्ये एक छोटं उपकरण जगापुढे आणलं. त्यातून प्रकाश डोळ्यात जाई आणि जिवंत माणसाचा दृष्टिपटल दिसे. ग्रेफे यांनी ते उपकरण लगेच हाती घेतलं आणि हजारो डोळे तपासले.

काचबिंदूच्या डोळ्यात त्यांना दृष्टीच्या नसेचं टोक वेगळं दिसलं. त्यांना वाटलं ते टोक सुजून वर आलं आहे. १८५४ मध्ये त्यांनी तसं लिहूनही टाकलं. पण ते उलटं होतं. नस फुगलेली नव्हती, दाबाखाली आत खचलेली होती. एका डोळ्यानं उपकरणातून पाहताना खोल आणि उंच यांची फसगत होते. आडोल्फ वेबर या त्यांच्या सहकाऱ्याच्या निरीक्षणातून ही गोष्ट पुढे आली. ग्रेफे यांनी पुन्हा तपासलं आणि आपलं आधीचं म्हणणं चुकलं होतं, हे जाहीरपणे मान्य केलं.

शिक्षकांनो, चरित्रातली ही जागा मुलांना जरूर सांगा. फळ्यावर आपलंच लिहिलेलं आपण खोडलं तर मुलांपुढे कमीपणा येतो असं आपल्याला वाटतं. पण या एका दुरुस्तीतूनच पुढचा रस्ता सापडला. नस खचली असेल तर तिला काहीतरी दाबत असणार. म्हणजे रोगाचं मूळ डोळ्यातल्या दाबात आहे. मग दाब कमी करता आला तर?

बुबुळाचा तुकडा

त्या काळी काचबिंदू म्हणजे अंधत्व ठरलेलं. डॉक्टरही हात टेकत. ग्रेफे यांनी आधी थेंबाची औषधं वापरून पाहिली, उपयोग झाला नाही. मग डोळ्याला बारीक छेद देऊन आतलं पाणी काढलं. दाब उतरला, पण थोड्याच दिवसांत पुन्हा चढला. मोरी तुंबलेलीच, आपण नुसत्या बादल्या उपसतो आहोत, असं झालं.

मात्र त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. दुसऱ्या काही आजारांसाठी ते बुबुळाचा एक छोटा तुकडा कापून काढत. त्या शस्त्रक्रियेनंतर डोळा बोटांना आधीपेक्षा मऊ लागतो. तेव्हा दाब बोटांनीच चाचपून ओळखावा लागे. कितीतरी जणांच्या हाताखालून असे डोळे गेले असतील, पण मऊपणाची नोंद घेऊन तिचा काचबिंदूशी मेळ घातला तो ग्रेफे यांनी.

१८५६ मध्ये त्यांनी काचबिंदूच्या रुग्णांवर ही शस्त्रक्रिया सुरू केली. वय २८. आज डोळा बधिर करायला थेंब आहेत. तेव्हा नव्हते, तसं औषध १८८४ मध्ये आलं. पारपटलाच्या कडेला छेद द्यायचा, बुबुळ चिमट्यानं हलकेच बाहेर ओढायचं, कडेचा तुकडा कापायचा. हात जरा हलला तर भिंगाला इजा.

परिणाम थक्क करणारा होता. झटका आलेले, वेदनेनं तळमळणारे रुग्ण शांत झाले. दाब उतरला आणि उतरलेलाच राहिला. ज्यांना लवकर आणलं होतं त्यांची नजरही वाचली. घाई मात्र केली नाही त्यांनी. रुग्णांवर लक्ष ठेवलं, मग १८५७ मध्ये निष्कर्ष छापले आणि त्याच वर्षी ब्रुसेल्सच्या आंतरराष्ट्रीय नेत्रपरिषदेत सगळ्यांपुढे मांडले. मर्यादाही सांगितल्या. अचानक झटका येणाऱ्या काचबिंदूत गुण चांगला येतो, हळूहळू वाढणाऱ्या प्रकारात तेवढा येत नाही, हे त्यांच्या पुढच्या लेखनातही दिसतं.

गंमत म्हणजे ही शस्त्रक्रिया का लागू पडते, हे ग्रेफे यांना नीट उलगडलं नव्हतं. ते नंतरच्या लोकांनी उलगडलं. १९२० मध्ये अमेरिकेतील डॉ. करन यांनी दाखवलं की द्रव बाहुलीपाशी अडतो, आणि बुबुळाला छोटं छिद्र केलं की त्याला पुढे यायला दुसरी वाट मिळते. फुगलेलं बुबुळ मागे सरतं आणि कोन मोकळा होतो. १९३८ च्या सुमारास डॉ. बार्कन यांनी कोन प्रत्यक्ष तपासून उघड्या कोनाचा आणि बंद कोनाचा काचबिंदू वेगळा केला. एकाला गुण येतो आणि दुसऱ्याला का नाही, हे कोडं तेव्हा सुटलं.

शेवटची वर्षं

१८६१ मध्ये ग्रेफे यांना छातीचा गंभीर आजार झाला. त्यातून ते पूर्ण बरे झालेच नाहीत. पुढे क्षयानं गाठलं. १८६२ मध्ये अ‍ॅना यांच्याशी लग्न झालं, मुलंबाळं झाली. आजारपणातही काम थांबलं नाही. मोतीबिंदू काढण्याची सुधारित पद्धत त्यांनी याच काळात बसवली. १८६६ मध्ये ते बर्लिन विद्यापीठात पूर्ण प्राध्यापक झाले. १८६८ मध्ये शारिटे या मोठ्या सरकारी रुग्णालयाचा नेत्रविभाग त्यांच्याकडे आला. पण दिवस थोडे उरले होते. २० जुलै १८७० रोजी, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. आदल्याच दिवशी फ्रान्सनं प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं होतं. १८८२ मध्ये शारिटेजवळ त्यांचं स्मारक उभं राहिलं.

बर्लिनहून वऱ्हाडापर्यंत

ग्रेफे गेल्यानंतरही काम थांबलं नाही. भारतात मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात कर्नल एलियट यांनी १९०९ मध्ये काचबिंदूसाठी डोळ्याच्या पांढऱ्या भागाला बारीक भोक पाडून दाब उतरवण्याची पद्धत आणली. १९६८ मध्ये इंग्लंडच्या डॉ. केर्न्स यांनी जाळीजवळून द्रवाला नवी वाट काढून देणारी शस्त्रक्रिया मांडली. ती आजही होते. बंद कोनाच्या काचबिंदूत आता बुबुळ कापावं लागत नाही, लेझरनं काही मिनिटांत छिद्र पडतं आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. काही रुग्णांत जाड झालेलं भिंगच बदलतात, त्यानंही कोन मोकळा होतो. माझ्या आजीच्या डाव्या डोळ्यातलं छिद्र म्हणजे ग्रेफे यांच्या त्या शस्त्रक्रियेचंच नातवंड म्हणा ना.

मग उजवा डोळा का गेला? उपाय दीडशे वर्षांपूर्वी सापडला होता. आमच्यापर्यंत तो चार दिवस उशिरा पोचला, कारण आम्हाला लक्षणंच माहीत नव्हती. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिते आहे. लक्षात ठेवा :

१. एका डोळ्यात तीव्र वेदना, डोळा लाल, त्याच बाजूचं डोकं दुखणं, उलट्या, अंधुक दिसणं, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखं कडं. यातली लक्षणं एकत्र दिसली तर पित्त समजून बसू नका. रात्र असली तरी निघा. अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय असो की अमरावतीचं जिल्हा सामान्य रुग्णालय, जवळ असेल तिथे डोळ्यांच्या डॉक्टरांपर्यंत पोचा. इथे तासांचा हिशोब असतो.

२. मेडिकलमधून आणलेले किंवा घरात पडलेले थेंब मनानं टाकू नका. मध, दूध, काढा काहीच नको. आधी दाब उतरवायची औषधं देतात, मग छिद्र करतात.

३. एका डोळ्याला झटका आला असेल तर दुसऱ्या डोळ्याचीही तपासणी करून घ्या. त्यालाही धोका असतो.

४. स्त्रियांना, साठीच्या आसपास आणि पुढे, दूरचा म्हणजे प्लसचा मोठा नंबर असलेल्यांना आणि घरात कुणाला हा आजार असेल तर धोका जास्त. मी स्वतः दर वर्षी तपासून घेते, कारण आजीचं रक्त माझ्यात आहे.

५. सगळ्यांनाच असा झटका येत नाही. बऱ्याच जणांचा काचबिंदू न दुखता नजर कडेकडेनं खातो. म्हणून चाळिशीनंतर फक्त चष्म्याचा नंबर काढून येऊ नका. डोळ्याचा दाब, कोन आणि मागची नस तपासायला सांगा.

वर्गात काय घेता येईल?

पहिला उपक्रम खोल की उंच हा. ओल्या मातीत पावलाचा ठसा उमटवा, मोबाइलवर त्याचा फोटो काढा. तो फोटो उलटा करून मुलांना दाखवा. आत गेलेला ठसा अनेकांना वर आल्यासारखा दिसतो. मग ग्रेफे यांची चूक सांगा. मुलांना लगेच समजते, आणि चूक होणं म्हणजे काही गुन्हा नाही हेही.

दुसरा उपक्रम घरचा. मुलांनी आजी-आजोबांना तीन प्रश्न विचारून वहीत लिहून आणायचे : डोळे शेवटचे कधी तपासले? दिव्याभोवती कधी रंगीत कडं दिसतं का? घरात कुणाची नजर काचबिंदूनं गेली होती का? माझ्या वर्गात हा गृहपाठ दिला तेव्हा मूर्तिजापूरकडच्या आमच्या छोट्या गावातून चार आज्या तपासणीला गेल्या. जागतिक काचबिंदू सप्ताह मार्चमध्ये असतो, त्या वेळी हा उपक्रम घेतला तर उत्तम.

त्या मुलीला मी उत्तर दिलं. डोळ्याचे डॉक्टर होते, पण फार दूर होते आणि फार थोडे होते. गुलाबराव महाराज जन्मले त्याच्या ११ वर्षं आधीच ग्रेफे जग सोडून गेले होते. आता डॉक्टर तालुक्याच्या गावापर्यंत आले आहेत. तिनं लगेच पुढचा प्रश्न टाकला, मग माझ्या आजीला कधी नेऊ?

तो प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवते. आज संध्याकाळी घरी गेल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढं विचारा. पाठ उपयोगी वाटला तर पालकांच्या ग्रुपवर नक्की पाठवा.